बिनशेताचा हंगाम

शेत नसलेल्या माणसांनी हंगामाचा सण कसा करायचा, हा प्रश्न थोरात पाळक येईपर्यंत आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुणालाच पडला नव्हता. आम्ही सगळी जालन्याकडची, परभणीकडची माणसं. आजोबांच्या पिढीत कधीतरी काचीगुड्याच्या गाडीत बसून आलेली आणि उतरली तिथंच, स्टेशनच्या आसपास, राहून गेलेली. जमिनी होत्या त्या तिकडं राहिल्या, बहुतेकांच्या मुळात नव्हत्याच. पण सण मात्र आम्ही गावाकडून उचलून आणला होता. दिवाळी उलटली की एका रविवारी देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणत असू) वेदीसमोर लांब टेबल मांडायचं, त्यावर पांढरी चादर अंथरायची आणि प्रत्येक घरानं आपलं पीक आणून ठेवायचं. पीक म्हणजे काय, तर आदल्या दिवशी मंडईतून घासाघीस करून आणलेला भोपळा, ज्वारीची चार कणसं, ऊस, सीताफळं. माझे पप्पा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात कारकून होते, नांगराला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. पण टेबलावर भोपळा ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर यंदा पाऊसपाणी बरं झाल्याचं समाधान असायचं. उपासना संपली की मागच्या बाकापासून एकेका घरानं पुढं जायचं आणि टेबलावरची एक वस्तू उचलून घरी न्यायची. नियम एकच, आपण आणलेली वस्तू आपण उचलायची नाही. देवाला दिलं ते दिलं. त्यामुळं दरवर्षी आमचा भोपळा वाघमाऱ्यांकडं जायचा आणि त्यांचा ऊस आमच्याकडं यायचा, आणि सगळ्यांना आपण शेतकरी असल्यासारखं वाटायचं.

आमचं घर म्हणजे स्टेशनमागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. शंटिंगच्या इंजिनाचा हुंकार, डबे एकमेकांना लागल्याचा दणका, मग शिट्टी, हे चोवीस तास. पाहुणे दचकायचे, आम्हाला ऐकूच यायचं नाही. रविवारी मात्र घराला वेगळाच आवाज असायचा. पहाटे पप्पांच्या चाब्यांचा खुळखुळाट. आमच्याकडं किल्लीला चाबीच म्हणत. लोखंडी कडीत ओवलेल्या तीन चाब्या. एक देवळाच्या मोठ्या दाराची, एक मागच्या दाराची, आणि एक प्रभुभोजनाची भांडी ठेवायच्या कपाटाची. बावीस वर्षं त्या पप्पांकडं होत्या. पँटच्या पट्ट्याला कडी अडकवून ते सहाच्या ठोक्याला बाहेर पडत, आणि आई चुलीवर खट्टी दाळ ठेवता ठेवता म्हणे, "गेले बघ सवतीकडं." तिचं म्हणणं असं की या माणसाचं खरं लग्न देवळाशी झालंय, आपण नंतर आलो. हे ती हसत म्हणायची. मला ते हसू फारसं पटायचं नाही.

देऊळ बरकतपुऱ्याच्या वाटेवर, एका बोळाच्या टोकाला होतं. कौलारू, बुटकं, आत दहा-बारा बाकं. डावीकडं बायका, उजवीकडं पुरुष. घंटा नव्हती. रेल्वेच्या माणसांनी बांधलेलं देऊळ, तेव्हा अंगणातल्या लिंबाला रुळाचा एक हातभर तुकडा टांगला होता आणि तो लोखंडी सळईनं वाजवायचा. साडेआठला नऊ ठोके. नऊच का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पप्पा दार उघडत, झाडून घेत, बाकं पुसत, गीतांचे आकडे फळ्यावर लावत, मग ठोके देत आणि दारात उभे राहत. येणाऱ्या प्रत्येकाला "सलाम" म्हणत. पहिली प्रार्थना सुरू झाली की दार लावून घेत. उशिरा येणाऱ्यानं पहिलं गीत होईपर्यंत व्हरांड्यात थांबायचं. यात नेहमी सापडायच्या सुमनबाई. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, विधवा होत्या, आणि रात्रपाळी उरकून तशाच येत. पप्पा आतून कडी लावत आणि पुटपुटत, "देवापेक्षा ड्यूटी मोठी का?" बाहेर सुमनबाई पर्स पोटाशी धरून उभ्या असायच्या. खिडकीतून मला त्या दिसायच्या. बऱ्याचदा उभ्या उभ्याच डोळे मिटलेले असत. प्रार्थना करायच्या की झोपायच्या, हे मी पुष्कळ दिवस ठरवू पाहत होते.

पप्पांना बाकावर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. प्रवचन ते दाराशी उभं राहून ऐकत, म्हणजे एक कान आत आणि डोळे बाहेर. कुत्रं आत येतंय का, चपलांना कुणी हात लावतंय का, पंखा का थांबला. माझं दृढीकरण झालं, म्हणजे मला मंडळीत रीतसर सामील करून घेतलं, त्या दिवशी बिशपसाहेब आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा मी डोळे किलकिले करून पप्पांना शोधलं. ते व्हरांड्यात पाहुण्यांच्या चपला ओळीनं लावत होते. मला त्याचं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली तरी वाटतं, आणि ते लपवण्याचं आता मला वय राहिलेलं नाही.

नियमांच्या बाबतीत ते फार कडक होते, हेही इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. आदल्या वर्षीच्या सणाला म्हाताऱ्या सोनूबाईंनी आपल्या अंगणातली पपई आणली होती. आमच्यातलं बहुधा तेवढंच एक खरं पीक. पपई त्यांनी स्टीलच्या ताटात ठेवली होती आणि ताटावर त्यांच्या मयत नवऱ्याचं नाव कोरलेलं होतं. उपासनेनंतर त्या ताट मागू लागल्या. पप्पा म्हणाले, "ताटबी टेबलावर आलं. आता ते तुमचं नाही." सोनूबाईंनी डोळ्याला पदर लावला. दोन-तीन जण म्हणाले, "जाऊ द्या की शांतवनराव, ताटच आहे." पप्पा म्हणाले, "आज ताट जाऊ द्या, उद्या अजून काही जाऊ द्या." ताट गेलं ते गेलंच.

त्यानंतर थोरात पाळक आले. नगरकडचे, तिशीचे, किडकिडीत. त्यांची एक सवय मंडळीला जड गेली. ते प्रवचनात प्रश्न विचारत आणि उत्तराची खरंच वाट पाहत. आधीचे पाळकही प्रश्न विचारायचे, पण उत्तरही तेच द्यायचे, त्यामुळं कुणाला तोशीस पडत नसे. सणाच्या दोन आठवडे आधी थोरातांनी विचारलं, "तुमच्यापैकी शेत कुणाकुणाचं आहे?" बऱ्याच वेळानं कसबेकाकांचा हात वर आला, तोही अर्धाच, कारण त्यांच्या शेताचा भावाशी कोर्टात वाद चालू होता. मंडळी हसली. "मग ते भोपळे कुणाचे?" थोरातांनी विचारलं. पुढच्या बाकावरून वाघमारे प्रामाणिकपणे म्हणाले, "मंडईतले, साहेब." यावर थोरात म्हणाले, "यंदा मंडईतलं काही आणू नका. वर्षभर तुम्ही ज्याला पाणी घातलंत, ते आणा. सकाळी जाग आल्यावर पहिला विचार कशाचा येतो, अंग टाकताना शेवटचा कशाचा, मधला दिवस कुठं जातो, हे दोन आठवडे नुसतं पाहा. तेच तुमचं पीक. ते चांगलं की वाईट, मी सांगणार नाही. मला ते कळतही नाही. आणून टेबलावर ठेवा, मग आपण सगळेच पाहू."

मंडळीत खळबळ माजली. उपासनेनंतर लिंबाखाली बायका एकमेकींना विचारत होत्या, म्हणजे नेमकं आणायचं काय? वाघमाऱ्यांचं मत पडलं की हे नगरच्या लोकांचं फॅड आहे. मी त्या वेळी सतरा वर्षांची होते, इंटर नुकतंच झालं होतं, आणि माझ्या दृष्टीनं इतकी मजेदार गोष्ट आमच्या देवळात आजवर घडलीच नव्हती. पुढं काय व्हायचं, कशात आयुष्य घालायचं, असं मला जो-तो विचारत होता. नर्सिंगला जा, टायपिंग शिक, लग्नाचं बघा. मग वाटलं, या मोठ्या माणसांनी आपापलं आयुष्य कशात घातलंय, ते तर आधी बघू. मी दोन आठवडे सगळ्यांना विचारत फिरले. आजची एखादी पोरगी असं विचारत फिरली तर तिला कुणी दारात उभं करणार नाही, पण तेव्हा माणसांकडं वेळ होता आणि मला लाज नव्हती.

आईला विचारलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "माझं वर्ष तुमच्या पोटात गेलं. ते कसं आणू टेबलावर?" मग भाकरी उलटून म्हणाली, "आणि पहिला विचार म्हणशील, तर दूधवाला आला का. शेवटचा, दही विरजलं का. देव मधेमधे येतो, पण त्याला बसायला सांगावं एवढा वेळ नसतो बघ." कसबेकाकांना विचारलं. ते बँकेत होते, देवळात बाजाची पेटी वाजवायचे, गोड गळ्याचा माणूस. त्यांनी आधी इकडंतिकडं पाहिलं. मग म्हणाले, "पोट्टी, खरं सांगू? डोळा उघडला की मला माझा भाऊ आठवतो. प्रेमानं नाही. आज कोर्टात तो काय बोलला असता आणि मी काय उत्तर दिलं असतं, तेच चालू असतं. दात घासताना बी." एवढं बोलून ते घाईनं म्हणाले, "कुणाला सांगू नक्को." मी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे, आणि आता ते दोघेही भाऊ हयात नाहीत, ते शेतही बहुधा कुणाकडं नाही.

आणि मी? मी स्वतःकडं पाहिलं तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली. रविवारच्या शाळेत मी लहान मुलांना शिकवायची, मंडळीत माझं नाव होतं, करुणा म्हणजे गुणाची. पण डोळा उघडल्यावर पहिला विचार यायचा तो शब्दकोड्याचा. मनमाडच्या गाडीनं एक मराठी साप्ताहिक दोन दिवस उशिरा यायचं, त्यात बक्षिसाचं शब्दकोडं असायचं. ते मी वर्षभर सोडवत होते. आडवे शब्द, उभे शब्द, अभ्यासाच्या वहीत, प्रवचनाच्या वेळी गीतांच्या पुस्तकात कागद ठेवून, प्रार्थनेत डोळे मिटून सुद्धा. बक्षीस एकदाही लागलं नाही. हे माझं पीक. ते टेबलावर ठेवायची मला छाती झाली नाही. मी रविवारच्या शाळेचा हजेरीपट घेऊन गेले. इतकं धडधडीत खोटं मी त्याआधी देवळात केलं नव्हतं.

हल्ली मी कुकटपल्लीला मुलाच्या फ्लॅटवर असते. मुलानं दिलेला फोन दर रविवारी सकाळी, नेमका मी उपासनेला निघायच्या वेळी, आपणहून सांगतो की या आठवड्यात तुम्ही रोज इतके तास फोनवर होतात आणि त्यातले इतके अमुक गोष्टीवर. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला थोरात पाळकांचीच आठवण झाली. नातीला म्हटलं, बघ गं, तुमचा फोनसुद्धा हंगामाचं विचारतो. तिला हंगाम म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं, तेही निम्मं तेलुगूत. मग तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, आजी, ते बंद करता येतं. मी म्हटलं, नको, राहू दे.

पप्पांना मी विचारलं तेव्हा ते फक्त "बघू" म्हणाले. सणाच्या आदल्या दुपारी मात्र मी पाहिलं, मोरीपाशी बसून त्यांनी तिन्ही चाब्या चिंच आणि राख लावून घासल्या आणि धोतराच्या फडक्यानं पुसल्या. सणासाठी चकचकीत करत असतील, असं मला वाटलं.

सणाचं टेबल त्या वर्षी फार विचित्र दिसत होतं. भोपळा नाही, ऊस नाही. एका मास्तरांनी खडूचा डबा ठेवला होता. वाघमाऱ्यांनी आपली रेल्वेची टोपी ठेवली. कसबेकाकांनी एक शाईचं पेन ठेवलं आणि माझ्याकडं न बघता पेटीवर जाऊन बसले. आईनं फडक्यात गुंडाळलेल्या चार भाकऱ्या ठेवल्या. सोनूबाईंनी पपईच आणली, यंदा नुसती, खाली काही न घेता. माझा हजेरीपट मधोमध छान दिसत होता. पप्पा नेहमीसारखे दाराशी होते. सगळ्यांचं ठेवून झाल्यावर ते दार सोडून निघाले. मधल्या वाटेनं ते वेदीकडं चालत येताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पट्ट्याला चाब्या खुळखुळत होत्या. टेबलाशी येऊन त्यांनी पट्ट्याची कडी सोडवली आणि चाब्या चादरीवर ठेवल्या. मंडळीत एक कौतुकाची कुजबुज उठली. त्याच वेळी मागून सुमनबाई आत आल्या, कारण दार लावायला कुणी नव्हतंच. त्या चपला काढून शेवटच्या बाकावर बसल्या आणि काय चाललंय ते बघू लागल्या. थोरात पाळक चाब्यांकडं बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी टेबलावर हात पसरून प्रार्थना केली, हे सगळं आता तुझं आहे, म्हणाले.

वस्तू उचलायला सुरुवात झाली. खडू गेले, टोपी गेली, पपई गेली. आमच्या घराच्या वतीनं आईनं कसबेकाकांचं पेन उचललं. चाब्यांना मात्र कुणी हात लावेना. टेबल रिकामं होत गेलं आणि शेवटी पांढऱ्या चादरीवर त्या तेवढ्या राहिल्या. पप्पा बाजूला उभे होते, हात पुढं बांधून. वाघमारे हसत म्हणाले, "पाळकसाहेब, द्या आता त्या शांतवनरावांना. पुढच्या रविवारी देऊळ कोण उघडंल?" सगळे हसले. पप्पाही हसले आणि त्यांचा हात जरासा पुढं झाला. तेवढ्यात सोनूबाई बोलल्या. टोमणा म्हणून नव्हे, माझी खात्री आहे, म्हातारी फक्त आठवून बोलत होती. म्हणाल्या, "माझं ताटबी आलं नव्हतं बाबा परत."

पाळक पप्पांकडं पाहत राहिले. कुणी आग्रह केला असता तर चाब्या परत मिळाल्या असत्या, याविषयी मला शंका नाही. पप्पांनीच हात मागं घेतला. कान लाल झाले होते. म्हणाले, "बरोबर आहे. आपलं आपण उचलायचं नाही." मग मागच्या बाकावरून सुमनबाई उठल्या. "मी घेते," त्या म्हणाल्या. "माझं घर देवळाच्या मागंच आहे. ड्यूटी सुटली की येईन, उघडीन. जरा उशीर झाला तर सांभाळून घ्या." त्यांनी चाब्या उचलल्या, पर्समध्ये डब्याच्या शेजारी टाकल्या आणि चेन लावली.

त्या दुपारी घरी बगारा भात होता, वांग्याचं सालन होतं. पप्पांनी दोन घास खाल्ले आणि हात धुतला. बोलताना त्यांचा हात सारखा पट्ट्याकडं जात होता. वस्तू उचलणाऱ्या माणसांकडं बघता बघता मला जे कळलं होतं ते मी आईला सांगितलं, की त्या टेबलावर खरी वस्तू एकच होती आणि ती पप्पांची होती. बाकी आम्ही सगळ्यांनी शोभेचं काहीतरी ठेवलं होतं. आई म्हणाली, "हौ. आणि खऱ्याचंच तेवढं गेलं." तिच्या आवाजात राग होता. तो पाळकांवर होता, सोनूबाईंवर होता की पप्पांवर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या रविवारी पप्पा सवयीनं पाचला उठले, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खुर्चीवर बसले. वाऱ्याची दिशा बरी असली की देवळातले ठोके आमच्या गल्लीपर्यंत यायचे. त्या दिवशी ते पावणेनऊ उलटून गेल्यावर आले. पप्पांनी मोजले. "अकरा," ते म्हणाले. "अकरा वाजवले बाईनं." आई आणि मी तयार होऊन दारात उभ्या राहिलो. ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." आले मात्र नाहीत. दुसऱ्या रविवारी ऑफिसात काम आहे म्हणाले. तिसऱ्या रविवारी त्यांनी काही सांगितलंच नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. मंडळीत लोक विचारू लागले. आई म्हणायची, जरा सर्दी झालीय. त्या दिवशी परत येताना बोळाच्या तोंडाशी ती थांबली आणि मला विचारलं, "करुणा, चाबी गेली म्हणून देवबी गेला का गं या माणसाचा?" ती घाबरली होती. आईला मी भूक, आजार, भांडण यांना तोंड देताना पाहिलं होतं, पण असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. आमच्या घरात देव हा पप्पांच्या वाट्याचा विषय होता. पप्पांनीच हात टेकले तर आम्ही दोघी कुणाकडं पाहणार?

मी तरुण होते, आणि कुतूहल आवरणं मला कधीच जमलं नाही. त्याच दिवशी दुपारी मी पप्पांना उस्मानिया बिस्किटं आणि चहा नेऊन दिला आणि सरळ विचारलं, "पप्पा, तुम्ही देवळात देवासाठी जात होता का चाबीसाठी?" आतल्या खोलीत आईचं भांडं वाजायचं थांबलं. मला वाटलं, आता एक कानाखाली बसणार. पण ते रागावले नाहीत. बिस्किट चहात बुडवून तसंच धरून राहिले, त्याचा तुकडा पडला कपात. म्हणाले, "मला ठाऊक नाही, पोरी. तेच बघायला घरी बसलोय." थोड्या वेळानं म्हणाले, "बावीस वर्षं मी त्याचं घर सांभाळलं. घरमालक भेटला होता का, ते आठवून बघतोय." मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. पप्पांबरोबर रविवारी दुपारी अशी मी आधी कधी बसले नव्हते, आणि चमत्कारिक वाटेल, पण मला ते फार आवडलं.

पुढं म्हातारपणी एकदा त्यांनी मला हसत हसत सांगितलं, की चाब्या ठेवताना मनात काय होतं. त्यांना वाटलं होतं, पाळक त्या उचलतील, शांतवनरावांचं जीवनच देवळाला वाहिलेलं आहे असं चार शब्द बोलतील आणि परत हातात देतील. टाळ्या पडतील. "देवाला द्यायला गेलो आणि देवानं खरंच घेतलं," असं म्हणून ते ठसका लागेपर्यंत हसले. मला अजून कोडं आहे ते हेच, की चाब्या परत घ्यायला पुढं झालेला हात त्यांनी त्या दिवशी स्वतःच मागं का घेतला. माझा अंदाज आहे, त्या क्षणी त्यांना ताट आठवलं असावं. देव माणसाला कशानं धरतो, हे मी इतकी प्रवचनं ऐकूनही सांगू शकत नाही.

चौथ्या रविवारी आई आणि मी निघालो तेव्हा पप्पा दाढी करत होते. आम्ही काही विचारलं नाही. सुमनबाईंनी दार उघडून ठेवलं होतं आणि प्रार्थना सुरू झाल्यावरही त्या ते लावत नसत, त्यांच्या लक्षातच येत नसे. लिंबाखालचं कुत्रं उंबऱ्याशी येऊन झोपलं होतं आणि त्याला कुणी हाकललं नाही. पहिलं गीत झालं, पाठ वाचून झाले, थोरातांचं प्रवचन झालं. कशावर होतं, ते मला आठवत नाही, मी सारखी मागं वळून बघत होते. मोकळ्या प्रार्थनेची वेळ झाली. या वेळी ज्याला वाटेल त्यानं जागेवर उभं राहून बोलायचं असे. वाघमारे उठले आणि दर रविवारची लांबलचक प्रार्थना त्याच शब्दांत म्हणून बसले. तेवढ्यात दारातून पप्पा आत आले. कुत्र्याला ओलांडून आले, इकडंतिकडं पाहिलं, बसायचं कुठं हे त्यांना समजत नव्हतं. पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर सरकून कुणीतरी जागा केली. ते बसले. लाकूड करकरलं.

"अजून कुणी?" पाळकांनी विचारलं आणि नेहमीप्रमाणे वाट पाहिली. एक मालगाडी स्टेशनातून सुटली, तिचे डबे संपले. मग मागचं बाक पुन्हा वाजलं. डोळे मिटायचे असतात, पण मी उघडले. पप्पा उभे राहिले होते. मंडळीत हजार सूचना खणखणीत आवाजात देणारा माणूस, पण त्यांच्या तोंडून प्रार्थना आम्ही कुणीच कधी ऐकली नव्हती. त्यांनी पुढच्या बाकाची पाठ दोन्ही हातांनी धरली. "प्रभू," ते म्हणाले आणि थांबले. इतके थांबले की मला वाटलं, आता बसतील. मग, पहिल्यांदाच कुणाच्या घरी गेल्यावर माणूस दारात सांगतो तसं, हळू आवाजात म्हणाले, "मी शांतवन. दारापाशी उभा असायचो, तो."

ते तसेच उभे राहिले. बायकांच्या बाजूनं माझी आई, सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्यानं, म्हणाली, "आमेन."